यंत्राला आधी सांगायच्या गोष्टी

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
३ जानेवारी १९६६

वादिराज,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना माथ्यावर आशीर्वाद लिहितात. तो आहे असं समज. लिहायला माझा हात वळत नाही.

अकरा वर्षांनी पत्र टाकते आहे, ते तुझी आठवण आली म्हणून नव्हे. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. यात हरी कोण आणि उरलेलं कोण, ते तूच ठरव. गणितात तू माझ्याहून हुशार होतास.

काम माझ्या कमलाचं आहे. तू घर सोडलंस तेव्हा दहा वर्षांची होती, आता वीस संपून एकविसावं लागलं. कमलाक्षी म्हणून हाक मारलेली तिला आवडत नाही. गणितात बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. मद्रासला अड्यारकडे एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आलं आहे. त्यावर काम करायला दोन असिस्टंट हवेत. २१ फेब्रुवारीला सकाळी दहाला परीक्षा. उमेदवाराला यंत्राच्या टाइपरायटरपुढे बसवणार आणि एक हिशेब करून घेणार. तयारीसाठी त्यांनी एक चोपडी पाठवली आहे. हिशेब कसा सांगायचा ते कमलाला समजलं. पण पहिली दोन पानं, कामाआधी यंत्राला काय काय सांगून ठेवायचं ती, तिलाही कळत नाहीत आणि अठरा वर्षं मुलींना अंकगणित शिकवणाऱ्या मलाही कळत नाहीत. तंजावुरात असलं यंत्र कुणी चित्रातसुद्धा पाहिलेलं नाही. तू मुंबईत हेच करतोस, असं आपल्या पुरोहित कृष्णमूर्ती आचारांचा पुतण्या सांगत होता.

नोकरी लागली नाही तर काय, तेही सांगते. वेंकूबाई नावाची एक बाई आहे, वेण्णार नदीच्या पलीकडच्या खेड्यातली. तीन वेली, म्हणजे वीस एकर, भातशेती आणि चिदंबर नावाचा मुलगा. तिला कमला हवी आहे. फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबते म्हणाली. नाही म्हणायला माझ्याकडे कारण हवं, आणि नोकरीखेरीज दुसरं कारण बाईमाणसाकडून कुणी ऐकून घेत नाही. ही जागा मिळाली तर मी घराला कुलूप लावणार आणि कमलाबरोबर मद्रासला जाऊन राहणार. या घराचा, या गल्लीचा, शाळेतल्या खडूच्या धुळीचा मला वीट आला आहे. माझं एवढंच मागणं आहे आणि ते तुझ्यापुढे मांडावं लागतं आहे याची शिसारी येते आहे.

दोन अटी. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकायचं. आणि मराठीत लिहायचं. कमलाला देवनागरी वाचता येत नाही. मी शिकून तिला शिकवीन, शाळेतल्या एका मास्तरांनी समजावलं म्हणून सांगेन. तुझं नाव ऐकलं तर ती चोपडी फेकून देईल. तिचे आजोबा, आपले अप्पा, चार दिवस दाराकडे बघत गेले आणि मामा आला नाही, हे तिने सोळाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उत्तर दिलं नाहीस तर मला नवल वाटणार नाही. उलट बरंच वाटेल.

चंद्रमती


१७ जानेवारी १९६६

वादिराज,

तुझी सहा पानं मिळाली. 'प्रिय अक्का' वाचूनच ती घडी करून ठेवून द्यावी असं वाटलं होतं. अकरा वर्षांनी प्रिय! पण ओठ मिटून पुढे वाचलं. पोंगलच्या सुट्टीत तीनदा वाचलं. अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे.

मला समजलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांग. यंत्रापुढे बसलं की लगेच बेरीज मागायची नाही. आधी एकेका ओळीत त्याला काही नावं आणि त्या नावांच्या किंमती सांगून ठेवायच्या. छापणी कुठल्या यंत्रावर, माहितीची टेप कितव्या खणात, काम कुणाच्या नावावर. नाव, मग बरोबरीची खूण, मग किंमत. खुणेच्या अलीकडे पलीकडे मोकळी जागा सोडायची नाही, नाहीतर 'टेप' असं नाव ठेवायला गेलं तर यंत्र तोच हुकूम समजून बसतं आणि असला हुकूम माहीत नाही म्हणून कळवतं. पुढे जो हिशेब चालेल तो लागेल तेव्हा त्या नावाकडे बघतो आणि किंमत उचलतो. हिशेबाच्या आत खणाचा आकडा लिहायचा नाही, नाव लिहायचं; म्हणजे उद्या टेप दुसऱ्या खणात गेली तरी हिशेबाला हात लावावा लागत नाही. आणि काय काय सांगून ठेवलं आहे याची शंका आली तर यंत्रालाच विचारायचं, ते सगळी यादी छापून देतं.

नावं ठेवायची कामं आपल्या घराला कुणी शिकवायला नकोत. पण मोकळ्या जागेचं ऐकून मला हसू आलं. एवढं मोठं यंत्र आणि सोवळं इतकं!

कमलाला मी हे कसं सांगितलं ठाऊक आहे? संकल्पावरून. म्हटलं, आचार कुठलंही कर्म सुरू करण्याआधी काय म्हणतात? कुठल्या खंडात, कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठला संवत्सर, कुठली तिथी, कुठलं गोत्र. हे सांगून झालं की मग पुढचा सगळा विधी त्यावर चालतो. पोरीला एका वाक्यात समजलं. "सरी, अम्मा, म्हणजे आधी आपला ठाव सांगायचा," म्हणाली.

सांगून झाल्यावर माझ्याच तोंडाला कडू चव आली. कारण तो संकल्पच आपल्या घराला भोवला. तू मला दोषच देत असशील म्हणून आठवण करून देते, भांडण तू काढलंस. १९५५, आपल्या आजोबांचं श्राद्ध. आचार नेहमीप्रमाणे 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणाले आणि तू पाटावरून उठून म्हणालास, "आपण कावेरीच्या तीरावर बसलोय. पावणेतीनशे वर्षं जाली. गोदावरी तुम्ही कोणी पाहिली पण नाही." अप्पा म्हणाले, तंजावूर गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे, दोनशे कोस का असेना. सगळे हसले असते तर तिथेच मिटलं असतं. तू हसला नाहीस. "खोटा पत्ता सांगूनशी पितरांना बोलावता, मग ते येणार कसे?" असं भर श्राद्धात विचारलंस. अप्पांनी हातातलं पाणी तुझ्या अंगावर टाकलं, तू पुण्याला निघून गेलास. वेल्लत्ताचं, गुळाचं पायसम तसंच राहिलं, मुंग्या लागून टाकून द्यावं लागलं. ते मीच टाकलं.

नदी कुठली का असेना. भांडायला नदी लागते तुम्हा पुरुषांना. घासायची भांडी सगळ्या तीरांवर सारखीच असतात.

दुसरा धडा पाठव. प्रकृतीची विचारपूस केलीस, त्याची गरज नाही.

चंद्रमती


४ फेब्रुवारी १९६६

वादिराज,

दुसरा धडा पोचला. हा पहिल्यापेक्षा बरा लिहिला आहेस, उदाहरणं आहेत. आमच्या शाळेत तुला तात्पुरता मास्तर म्हणून ठेवता आलं असतं.

रोज शाळा सुटल्यावर मी आणि कमला बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसतो. ती पाटीवर ओळ लिहून मला दाखवते, मी यंत्र होते. जाणारे येणारे बघतात. चंद्रमती टीचरला वेड लागलं असं पलीकडच्या दारात बोलूनही झालं आहे.

परवा ती एकाच गोष्टीवर दोनदा अडली. तू लिहिलं आहेस की सांगितलेली किंमत त्या बसण्यापुरतीच राहते. उठलं, दुसरं कुणी बसलं, की यंत्र ती विसरतं. कमलाने पहिल्या दिवशी लिहिलेली टेप दुसऱ्या दिवशी धरून चालली. मी म्हटलं, "टेप कोण? मला माहीत नाही." ती म्हणाली, "अम्मा, काल सांगितलं की!" म्हटलं, काल तू उठून कॉफी प्यायला गेलीस, तेव्हाच ते मेलं. चिडून पाटी आपटली तिने. अगदी तुझ्यासारखी.

दुसरं, हाताखालच्या कामांचं. आपण ठेवलेलं नाव आपल्यापुरतं असतं. आपण सुरू केलेल्या दुसऱ्या कामाला ते दिसायला हवं तर 'हे पुढे दे' असं वेगळं सांगावं लागतं. हे मला लगेच पटलं. अप्पा तिण्णैवर एक ठरवायचे आणि स्वयंपाकघरात त्याचा पत्ता नसायचा. पंधरा माणसं जेवायला येणार हे मला पानं मांडताना कळायचं. पुढे दे म्हणायला कुणाची जीभ झडत होती?

आणि तिसरी चूक, तिच्यावर मात्र पोरगी रडली. यंत्राला एखादं तयार काम हवं असलं की ते कुठकुठल्या जागी शोधायचं, याची एक यादी असते ना. तिलाही नाव असतं. कमलाला त्यात एक नवी जागा घालायची होती. तिने नाव लिहिलं, खूण केली, आणि फक्त नवी जागा लिहिली. मग मला म्हणाली, बेरीज कर. मी म्हटलं, बेरीज सापडत नाही. वजाबाकी कर. सापडत नाही. छाप. सापडत नाही. तिचा चेहरा उतरला. तेव्हा तुझ्या पत्रातलं सांगितलं: नवी यादी लिहिताना जुनी यादी तिच्या नावाने आत घ्यायची आणि तिच्या शेवटी नवी जागा जोडायची, नाहीतर जुनी पुसली जाते. म्हटलं, समज, स्वयंपाकघरात नवी पेटी आणली आणि सुनेला सांगितलं, यापुढे सगळं त्या पेटीतच शोध. ती चिंच कुठून आणणार? चिंच जुन्याच फडताळात आहे, पण तिकडे बघायचं नाही असं तूच सांगितलंस. आता रोज बरोबर लिहिते.

याच आठवड्यात वेंकूबाई येऊन गेली. मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी करतात ती सोज्जी-बज्जी, शिरा आणि भजी, खाल्ली आणि कमलाची वेणी हातात घेऊन ओढून पाहिली. खरी आहे का बघायला! मग अंगणात चालायला लावलं. मुलगा चिदंबर खाली मान घालून बज्जीतलं केळं वेगळं काढत बसला होता. कमला परीक्षेला जाणार म्हटल्यावर बाई म्हणाली, "अय्यो, आणखी शिकूनशी काय करणार गे? अस्कं आहे आमच्या घरी. म्हशी आहेत, पंप आहे." म्हशींच्या पाठोपाठ पंप, पंपाच्या पाठोपाठ माझी मुलगी. ती गेल्यावर मी तिने बसलेली चटई धुऊन वाळत टाकली. किळस धुऊन जात नाही, पण हाताला काम मिळतं.

सतरा दिवस राहिले. एक धडा उरला आहे म्हणतोस: रोज रोज सांगावं न लागता किंमती कायमच्या कशा ठेवायच्या. चोपडीत त्यावर ठळक खूण आहे, म्हणजे परीक्षेत तेच विचारणार. लवकर पाठव.

चंद्रमती

ता. क. पत्राच्या कडेला तू उभ्या ओळीत जे विचारलं आहेस ते मी वाचलं. त्याचा कमलाच्या परीक्षेशी संबंध नाही.


११ फेब्रुवारी १९६६

वादिराज,

पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी धडा नाहीच. एवढं एकच वाक्य लिहिलेलं अंतर्देशीय पत्र: 'अक्का, अप्पा गेले तेव्हा मला तार का केली नाहीस?' धडा अडवून उत्तर मागतोस? हा सौदा झाला. मला तुझा संताप आला, दोन दिवस भात गिळला नाही. मग लक्षात आलं, संताप तुझा नव्हे.

ऐक तर. तार केली होती. ९ जून १९६१ ला, सकाळी, अप्पा जायच्या चार दिवस आधी, मी स्वतः तार ऑफिसात जाऊन केली. कमला माझ्याबरोबर होती, पावती तिने पाहिली आहे. म्हणून तर ती तुझ्यावर इतकी चिडलेली. फक्त पत्ता तिने वाचला नाही. मी तो पुण्याचा घातला, शनिवार पेठेतल्या तुझ्या जुन्या खोलीचा.

तू मुंबईला गेल्याचं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. नवा पत्ता कळवणारं तुझं कार्ड माझ्या ट्रंकेत होतं. अप्पांना ते मी कधी दाखवलं नाही.

म्हणजे चूक झाली नाही. मी ते केलं.

का, ते विचारशील. मी तेविसाव्या वर्षी तीन वर्षांची पोर घेऊन या घरात परत आले. तेरा वर्षं अप्पांचं सगळं केलं. शेवटचं वर्षभर अंथरुणातलंही केलं. आणि शेवटचे चार दिवस ते माणूस तुझं नाव घेत होतं. पाणी मी पाजत होते आणि पाणी पिऊन झालं की विचारत होते, "वादी आला का?" मला इतका तिटकारा आला, वादिराज. त्यांचा, तुझा. वाटलं, तू येणार, उशाशी तास दोन तास बसणार, आणि तेरा वर्षांचं सगळं पुण्य उचलून नेणार. तार ऑफिसातल्या फॉर्मवर हात आपोआप शनिवार पेठ लिहून गेला असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आले. आपोआप नाही. मी पेन बुडवलं, थांबले, आणि लिहिलं.

आणखी एक आहे, तेही आता ऐकून घे, उरकून टाकू. त्याच वर्षी चैत्रात आजोबांचं श्राद्ध होतं. अप्पांना दोघांनी धरून बसवलं होतं. आचार 'गोदावर्याः' म्हणाले तशी अप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, "कावेर्याः म्हणा." आचारांना उमजेना. अप्पांनी पुन्हा सांगितलं. जेवणं झाल्यावर मला बोलावून म्हणाले, "पोरगा बरोबर होता. त्याला पत्र घाल." मी घालते म्हटलं. आठ दिवसांनी विचारलं, घातलंस का? मी घातलं म्हटलं.

अशी मी आहे. मग तू सहा आठवड्यांनी कुणाकडून तरी ऐकून लिहिलेलं पत्र आलं, ते मी न फोडता चुलीत टाकलं, आणि कमलाला म्हटलं, बघ, आता सवड झाली याला.

आता तुला लिहावंसं वाटलं तर तिसरा धडा लिही. नाही वाटलं तर मला बोलायला जागा नाही. पण कमलाचा यात काही दोष नाही, एवढं लक्षात घे. ती रोज तिण्णैवर पाटी घेऊन मास्तरांच्या पुढच्या धड्याची वाट बघते.

चंद्रमती


२५ फेब्रुवारी १९६६

वादिराज,

तुझं पत्र आलं नाही. १९ ला रात्रीच्या गाडीने कमला निघाली तोवर मी शाळेतली टपालाची पेटी रोज दोनदा बघत होते. हेडमिस्ट्रेस बाई हसायला लागल्या होत्या. पोरीला म्हटलं, मास्तर आजारी पडले, तिसरा धडा राहिला. ती म्हणाली, बघते मी. शाळेतल्या जयलक्ष्मी टीचरची बहीण ट्रिप्लिकेनला राहते, तिथे उतरणार होती. गाडी हलली तेव्हा माझ्या मनात एकच होतं: खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला मला. आयुष्यात एकदा खरं लिहिलं आणि ते पोरीच्या मुळावर आलं.

काल परतली. डबा खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अम्मा, मामा आलते."

तू मुंबईहून मद्रासला आलास. सकाळी सात वाजता त्या संस्थेच्या फाटकावर उभा होतास. चंद्रमतीची मुलगी कोणती, हे तू बारा जणांतून ओळखलंस, कारण ती पाटी घेऊन आली होती! परीक्षेला पाटी! फाटकाजवळच्या झाडाखाली बसून तू तिला तिसरा धडा शिकवलास. सकाळी यंत्र सुरू करताना ते एक कागदी पट्टी आपणहून वाचतं; कायमची नावं आणि किंमती त्या पट्टीवर टोचून ठेवायच्या, म्हणजे कुणीही बसलं तरी त्या असतात. पण तिथे बदल केला तर तो आत्ताच्या बसण्याला लागू होत नाही. पट्टी पुन्हा वाचवून घ्यावी लागते. कमला म्हणते, बाकीचे मुलगे इथेच फसले. पट्टी बदलली आणि जुन्याच किंमतीवर हिशेब केला. तिने पट्टी बदलली, यंत्राला पुन्हा वाचायला लावली, मग सगळी नावं छापून घेऊन तपासली आणि मग हिशेब सांगितला. परीक्षा घेणारा गृहस्थ चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिला म्हणे.

हे सगळं ऐकताना मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, आता ती म्हणणार.

तर ती म्हणाली, "तार पोचलीच नव्हती, अम्मा. मामांनी भेटल्याभेटल्या सांगितलं, पुण्यात खोलीमालकाकडे पडून राहिली. अम्माने बिचारीने वेळेवर केली होती, माझ्याच पत्त्याचा घोळ होता, नवीन पत्ता मी कळवलाच नव्हता." आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पाच वर्षं आपण त्यांना उगीच शिव्या दिल्या."

वादिराज, तू हे का केलंस? मी तुला सगळं लिहिलं होतं. चांगुलपणा दाखवायला तुला दुसरी जागा मिळाली नाही? मला याची शिसारी येते. तू रागावला असतास, चार लोकांत माझं नाव घेऊन थुंकला असतास, तर मी ते सोसलं असतं. मला सवय आहे. हे असं पांघरूण घातलेलं मला सोसत नाही.

आणि त्याहून घाण गोष्ट सांगते. मी ते खोटं घेतलं. "हो गे, पोस्टाचा घोळ," म्हटलं. मायलेकी जेवलो. कित्येक दिवसांनी माझं पोट भरलं. आज सकाळी उठून आरशात केस विंचरताना मला माझंच तोंड बघवेना.

चंद्रमती


२२ मार्च १९६६

वादिराज,

कमलाची निवड झाली. पहिलं नाव तिचं आहे. वेंकूबाईला मी स्वतः जाऊन 'नाही' म्हणून सांगून आले. तिने मला ताकसुद्धा विचारलं नाही, फार बरं वाटलं.

पत्र आलं त्या दिवशी कमलाने माझ्या साड्या काढून पलंगावर ठेवल्या. कुठल्या न्यायच्या, कुठल्या वाटून टाकायच्या. मद्रासला माझ्यासाठी पाण्याची सोय असलेली खोली बघायची, म्हणत होती. मी ज्याच्यासाठी तुझे पाय धरले ते सगळं पलंगावर घडी करून ठेवलेलं होतं. गप्प राहायचं होतं, बस्स. कुणीही गप्प राहिलं असतं. तू तर सगळं शिवून दिलं होतंस.

मी तिला बसवलं आणि सांगितलं. ट्रंकेतून तुझं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. ते तू इंग्रजीत लिहिलं होतंस, तारीख वर होती. ती वाचत राहिली. एवढंसं कार्ड वाचायला किती वेळ लागतो? मग म्हणाली, "आजोबा विचारत होते तेव्हा मी दाराशी उभी राहायची. रस्त्यावर बघायची. तू मला उभं करायचीस, मामा आले का बघ म्हणूनशी."

खरं आहे. मी तिला बघायला पाठवायचे. चार दिवस पाठवत होते. तुला लिहिताना एवढं मी वगळलं होतं.

तिने माझ्या साड्या उचलून पुन्हा कपाटात लावल्या, नीट, होत्या तशा. "तू नको येऊ," म्हणाली. पुढचे बारा दिवस माझ्याशी चांगलं वागली. दूध तापवलं, पानं वाढली, सांबार चांगलं झालं म्हणाली. ते फार वाईट होतं.

आज सकाळी ती निघाली. एकटीच, एक ट्रंक आणि वळकटी. एग्मोर स्टेशनवर तिने तुला बोलावलं आहे, हे तिच्याकडूनच कळलं. हे पत्र पोचेपर्यंत तू तिला उतरवून घेतलंही असशील. तिला माझ्याबद्दल काही समजावू नकोस. माझी बाजू घेतलीस तर ती तुझ्यावरचाही विश्वास टाकेल, आणि तिला कुणीतरी लागेल.

मला क्षमा केल्याचं मात्र लिहू नकोस. तशी पत्रं चुलीत टाकायला मला फार वेळ लागत नाही, हे तुला ठाऊक झालंच आहे.

एक सांगते आणि थांबते. घरातून पाऊल बाहेर टाकताना 'जाते' म्हणायचं नाही, हे आपल्या घरात मूल बोलायला लागलं की शिकवतात. इथले तमिळ लोकही म्हणत नाहीत. वैऱ्याच्या घरून निघतानासुद्धा माणूस 'येतो' म्हणतं. कमलाला तिच्या दुसऱ्या वर्षी मीच शिकवलं होतं. आज तिने तिण्णैच्या पायरीवर चप्पल घातली, ट्रंक घोड्याच्या जटक्यात चढवून घेतली, माझ्याकडे वळून नमस्कार केला आणि म्हणाली, "जाते."

मी सवयीने "ये" म्हटलं. जटका तोवर कोपऱ्यावर वळला होता.

अक्का